पायऱ्या कप्तानांनी धुतल्या नव्हत्या

श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात माझ्या मुलाचे एक घरमालक होते. त्यांनी भर जानेवारीत घराच्या दगडी पायऱ्यांवर गरम पाणी ओतलं, त्या पाण्याचा बर्फ झाला, समोरच्या घरातल्या बाई त्यावरून घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही हे त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं आणि मुलीनं त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. त्या गल्लीत ही हकिगत अशी सांगतात. तिथली मराठी मंडळीही गणपतीच्या जेवणाला जमली की अशीच सांगतात, थोडी हसत. मी ती माझ्यासमोर सांगितली जाताना ऐकली आहे आणि ताटातला भात कालवत राहिलो आहे.

पायऱ्या त्यांनी धुतल्या नव्हत्या. मी धुतल्या होत्या.

ते कसे होते हेही सांगायला हवं. नाहीतर पायऱ्यांची गोष्ट दुरुस्त होईल आणि माणूस तसाच, अर्धवट डोक्याचा म्हणून राहील.

कप्तान हे आम्ही त्यांना ठेवलेलं नाव. ते कधीच कुठल्या जहाजावर नव्हते. टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झाले होते. एकदा बोडनझेच्या तळ्यावर बायकोबरोबर फेरीबोटीत बसले, पलीकडच्या काठाला कसेबसे उतरले आणि परत येताना तळ्याला वळसा घालून आगगाडीनं आले. “मला जहाज आवडतं. पाणी आवडलंच पाहिजे असं नाही,” ते सांगत. उंच, खांद्यात जरा वाकलेले, पांढरी बारीक कापलेली दाढी, आणि घरातसुद्धा निळ्या कोटाची सगळी बटणं लावलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठात शिकवायची आणि महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. तळमजल्यावर ते एकटे, वरच्या मजल्यावर माझा मुलगा निखिल आणि सून गौरी, आणि घराखाली तळघर. त्यांचं खरं घर ते तळघर होतं.

तिथे त्यांची जहाजं होती. शिडांच्या काळातली लढाऊ जहाजं, दोन-तीन रांगांत तोफा असलेली, हातभर ते पुरुषभर लांबीची. अशी जहाजं पुष्कळ लोक करतात, काचेच्या पेटीत ठेवतात. कप्तानांची पेटीत नव्हती, कारण त्यांच्या जहाजावरची प्रत्येक दोरी चालायची. खालची दोरी ओढली की वरचं शीड खरोखर गुंडाळलं जाई. दोऱ्या ते स्वतः वळत. तळघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तागाचे धागे ताणून हातानं फिरवायचं एक यंत्र बसवलेलं होतं. दोरीला गोंद लावून चिकटवणाऱ्यांबद्दल ते जे बोलत ते मुलगी हजर असताना बोलत नसत. “जी धावत नाही ती दोरी नाही,” ते म्हणत, “ते दोरीचं चित्र आहे.”

या पद्धतीमुळे त्यांचं एकही जहाज कधी पुरं झालं नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जे फ्रिगेट मधल्या डोलकाठीपर्यंत आलं होतं, ते पुढच्या उन्हाळ्यात परत खालच्या डेकपर्यंत उतरलेलं होतं. कुठलीशी एक दोरी कप्पीत अडकत होती म्हणून त्यांनी वरचं सगळं काढलं होतं. मी हळहळलो. ते म्हणाले, “समुद्रावर अडकली असती तर?”

आमचं बोलणं इंग्रजीत चाले. माझं इंग्रजी गोदीतलं. मी मुंबईला गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य काढलं. त्यांचं इंग्रजी दोनशे वर्षांपूर्वीचं. आरमारी अधिकाऱ्यांच्या आठवणी आणि खटल्यांची दफ्तरं वाचून ते शिकलेले. वादळात शिडं कशी कमी करायची हे ते अस्खलित सांगत. दूध फाटलंय हे मात्र त्यांना सांगता येत नसे. मग ते नाक मुरडून भांडं पुढे करत.

मी मुंबईच्या गोदीतला आहे हे कळल्यावर ते खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. मुंबईच्या गोदीत सागवानाची लढाऊ जहाजं बांधली जात, ओक लाकडाची जहाजं कुजून गेली तरी मुंबईची तरंगत असत, हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की माझा संबंध पोलादी जहाजांशी, आणि त्यांतही फक्त पाइपांशी. कुठला पाइप कुठून कुठे जातो ते मी काढत असे.

“म्हणजे दोऱ्याच की,” ते म्हणाले आणि मला त्या घराचा मुख्य जहाजबांधणीकार नेमून मोकळे झाले. निखिल सेकंड लेफ्टनंट होता. गौरीला त्यांनी पहिल्याच महिन्यात सर्जन केलं होतं, कारण तिनं त्यांच्या भाजलेल्या बोटावर घरातलं कैलासजीवन लावलं होतं.

“बाबा, पगार विचारून घ्या हं,” गौरी मला म्हणाली, “सर्जनला अजून एक पै मिळालेली नाही.”

तेव्हा कोकणच्या आरमाराबद्दलही त्यांनी मला विचारलं. मला शाळेच्या पुस्तकापलीकडे काही येत नव्हतं. गुराब, गलबत असे शब्द सांगितले. इंग्रज अधिकारी आपल्या आठवणींत त्या लोकांना चाचे म्हणतात, हे त्यांनी वाचलं होतं. मी जरा रागावलो. ते म्हणाले, “रागावू नका. प्रत्येक आरमाराला दुसऱ्याचं आरमार चाच्यांचंच वाटतं. तुमचे लोक त्यांना काय म्हणत होते?” मी टोपीकर हा शब्द सांगितला. त्यांनी तो चार-पाचदा म्हणून पाहिला आणि खूश झाले.

पाहुण्यांना ते जहाजावरचं बिस्किट देत. ते स्वतः भाजत. पीठ, पाणी, मीठ, बाकी काही नाही. गौरीच्या मते त्यापेक्षा भिंत मऊ होती. ते खाण्याआधी टेबलावर दोनदा ठोकायचं, कारण जुन्या काळी आतले किडे असे बाहेर पडत. गौरीला हे कारण कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं ही जर्मन रीत आहे. त्यामुळे निखिलच्या ऑफिसातल्या साहेबांकडे ती पहिल्यांदा जेवायला गेली तेव्हा तिनं तिथला केकचा तुकडासुद्धा बशीवर दोनदा ठोकला. मग साहेबांच्या बायकोनंही ठोकला.

आता पायऱ्या. त्या भागात एक पद्धत आहे. घरात राहणाऱ्या कुटुंबांनी पाळीपाळीनं एकेक आठवडा जिना, दार आणि रस्त्याकडच्या पायऱ्या स्वच्छ ठेवायच्या. तिला केरवोखे म्हणतात. शब्द आम्हाला लगेच पाठ झाला, त्यात केर आहेच. ज्यांचा आठवडा असेल त्यांच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली असते. हिवाळ्यात बर्फ बाजूला करून खडी टाकणं हेही त्याच आठवड्यात येतं. ही पद्धत सगळ्या गल्लीत होती, पण कप्तानांच्या घरात तिचं आरमार झालं होतं. पाटी अडकवायला ते स्वतः वर येत, टाचा जुळवून उभे राहत आणि “डेक तुमच्याकडे सोपवला,” म्हणत. शनिवारी तपासणी. पांढरा रुमाल घेऊन ते जिन्याच्या कठड्याच्या खालच्या बाजूनं फिरवत. माझ्या पहिल्या मुक्कामात तो रुमाल काळा निघाला. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मला ते लागलं. निवृत्तीनंतर पुण्यात माझ्या घराची फरशी लोक नावाजत.

त्यानंतर मी तिथे असलो की आमचा आठवडा माझा, असं ठरूनच गेलं.

एकदा त्यांनी मला डेक धुण्याबद्दल सांगितलं. लढाऊ जहाजांवर रोज उजाडायच्या आत खलाशी गुडघ्यांवर बसून, वाळू टाकून, दगडानं घासून सगळा डेक धूत. रोज. उत्तर समुद्रात, गोठणाऱ्या थंडीतसुद्धा. डेक घाण झालेला असो वा नसो. “का?” मी विचारलं. “कारण जो डेक रोज धुतला जातो, त्यावर काय सांडलंय ते सकाळी दिसतं,” ते म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा देवळातून आलेल्या माणसासारखा झाला होता. मी ते मनात ठेवलं.

पण त्यांचा खरा जीव लढायांत किंवा धुण्यात नव्हता. त्यांचा जीव खटल्यांत होता. जिंकलेल्या कप्तानांची नावं मी घेतली की ते जांभई देत. “जहाज बुडवून परत आलेल्या माणसाचं सांगा.” इंग्रजी आरमारात अशी रीत होती की जहाज गमावलं की त्या कप्तानावर खटला भरायचाच. वादळानं बुडो, शत्रूनं बुडवो, त्याचा दोष असो वा नसो. मला हे क्रूर वाटलं आणि तसं मी म्हणालो.

“उलट,” ते म्हणाले. “खटला झाला की संपतं. दोषी ठरला तर शिक्षा भोगतो आणि संपतं. निर्दोष ठरला तर दुसरं जहाज मिळतं. ज्याच्यावर खटलाच भरला नाही त्याचं काय? तो मरेपर्यंत त्याच बुडालेल्या जहाजावर राहतो. लोक त्याच्याशी फार गोड बोलतात.”

निखिलला मुलगा झाला त्या वर्षीची ही गोष्ट. गौरीच्या आई बाळंतपणासाठी आल्या होत्या. पाहुण्यांच्या व्हिसाचे नव्वद दिवस संपल्यावर त्या परत गेल्या आणि पुढचे नव्वद दिवस सांभाळायला मी गेलो. आमच्याकडच्या आई-वडिलांचं तिथे असंच चालतं, एक उतरला की दुसरा चढतो. मी डिसेंबरात पोचलो. मी बर्फ आधी कधी पाहिला नव्हता. आधीचे मुक्काम उन्हाळ्यातले होते.

जानेवारीतल्या आमच्या आठवड्यात एका पहाटे नातू उठला, त्याच्याबरोबर मी उठलो, आणि तो पुन्हा झोपल्यावर मी खाली गेलो. पायऱ्यांवर बर्फ तुडवला जाऊन राखाडी झाला होता आणि त्यावर आदल्या संध्याकाळी टाकलेली बारीक खडी पसरली होती. मला ती घाण दिसली. खडी कशासाठी असते हे मला निखिलनं सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि समजलेलं यांत अंतर असतं. मी खडी झाडून काढली. बर्फ खरवडून निघेना, म्हणून वर जाऊन न्हाणीघरातून लाल बादली भरून कढत पाणी आणलं. पुन्हा एकदा आणलं. बर्फ झरझर वितळला, वाफा आल्या, दगड काळे, ओले, लखलखीत झाले. दिवाळीच्या पहाटे अंगण धुऊन झाल्यावर वाटतं तसं मला वाटलं. कप्तानांनी दार उघडून पाहावं अशी फार इच्छा होती. बादली दाराशी ठेवून मी वर चहा करायला गेलो.

चहा गाळत असताना आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या बाई खालच्या पायरीशी आडव्या पडल्या होत्या. शनिवारी त्या कप्तानांना गोड पावाची वेणी आणून देत, ती कागदात गुंडाळलेली लांब जाऊन पडली होती. कप्तान नुसत्या सदऱ्यात बाहेर आले, दोन पायऱ्या बसून घसरत उतरले आणि आपला कोट मागवायला कुणी नाही हे पाहून पायपुसणं बाईंच्या अंगावर घातलं. मग त्यांनी पायरीवर तळहात टेकून पाहिलं. मग दाराशी ठेवलेल्या बादलीकडे पाहिलं. मग वर, माझ्या खिडकीकडे. मी हातात गाळणं घेऊन उभा होतो.

रुग्णवाहिका यायच्या आत त्यांनी बादली तळघरात नेऊन ठेवली. मी जिन्यात आलो तेव्हा आमच्या दाराच्या मुठीला पाटी नव्हती. ती खाली, त्यांच्या दाराला होती. रुग्णवाहिकेच्या माणसाला ते सांगत होते ते मला जर्मन न येताही समजलं, कारण त्यांनी हातानं ओतल्याची खूण करून आपल्या छातीवर बोट ठेवलं.

निखिल रात्रपाळीहून आला. त्याला मी सगळं सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसला.

“कुणी पाहिलं तुम्हाला?”

“कप्तानांनी.”

“आणि ते म्हणतायत की त्यांनी केलं?”

“हो.”

“मग बाबा, प्लीज, आता तुम्ही मध्ये पडू नका. माझी परमनंट रेसिडेन्सची फाइल आत आहे. तुम्ही व्हिजिटर आहात, तुमच्या इन्शुरन्समध्ये हे बसतं की नाही देव जाणे. त्यांचा घराचा विमा आहे. ते भागेल.”

“आणि त्या बाई?”

“त्या बऱ्या होतील.”

त्या बऱ्या झाल्याही, पुढे काठी घेऊन चालू लागल्या. विम्यानंही भागलं. निखिलचा अंदाज सगळा बरोबर होता. त्याला मी कधी दोष दिला नाही. बोलणं माझ्या तोंडात होतं, त्याच्या नाही.

कप्तानांची मुलगी पुढच्याच दिवशी आली. आधी जे तिच्या वडिलांचे छंद होते ते आठवडाभरात लक्षणं झाले. भाडेकरूंना हुद्दे देतात. कठड्याखाली रुमाल फिरवतात. वर्षानुवर्षं एकच जहाज बांधतात आणि मोडतात. दगडासारखी बिस्किटं करून ठोकतात. आणि आता शून्याखाली पायऱ्यांवर कढत पाणी. ती दुष्ट नव्हती. तिनं जिन्यात मला गाठून इंग्रजीत विचारलं, “तुमच्या काही लक्षात आलं होतं का? विसरणं वगैरे?”

“नाही,” मी म्हणालो. ते खरं होतं. त्यापुढचं मी बोललो नाही.

“आल्झो, म्हणजे,” ती म्हणाली, “तुमच्यापासूनही लपवलं त्यांनी.”

दोन रविवारांनी कप्तानांनी कोर्ट भरवलं. तळघरातलं बाक रिकामं करून त्यावर निळी चादर घातली होती. अध्यक्ष मी, वयानं आणि मुंबईच्या गोदीमुळे. निखिल आणि त्यांची मुलगी बाकीचे न्यायाधीश. मुलगी आली ती डॉक्टरांनी त्यांना शांत ठेवायला सांगितलं होतं म्हणून. कप्तानांनी निवृत्तीच्या दिवशीचा सूट घातला होता. आम्ही बसलो, ते उभे राहिले. आरमारात आरोपी आपली तलवार कोर्टापुढे टेबलावर ठेवतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. निकालाच्या वेळी तो बाहेर जातो. आत आल्यावर तलवारीचं टोक आपल्याकडे दिसलं तर दोषी, मूठ दिसली तर निर्दोष. त्यांच्याकडे तलवार नव्हती. त्यांनी पावाची सुरी ठेवली.

“आरोप असा,” ते म्हणाले, “की या घराच्या प्रमुखानं डेक रोज धुण्याची ताकीद दिली, आणि कुठल्या हवामानात धुऊ नये हे सांगितलं नाही. परिणामी एक बाई जखमी झाली.”

“पापा,” मुलगी म्हणाली, “तुला कोणी दोष देत नाहीये.”

“हीच तर अडचण आहे.”

“तू बहात्तर वर्षांचा आहेस. होतं असं. त्यात तुझी चूक नाही.”

“वय हा निकाल नाही,” ते तिला म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. “अध्यक्ष महाराज, दोषी माणूस चुकलेला असतो. म्हणजे त्याला बरोबर काय ते माहीत होतं. तो दंड भरतो आणि आपल्या घरी राहतो. मी दोषी असल्याचं कबूल करतो. कोर्टानं तसं ठरवावं एवढंच मागणं आहे.” ते थांबले. “कोर्टातल्या कुणाला काही सांगायचं असेल तर ती वेळ आता आहे. रीतीप्रमाणे.”

ते माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. दोरी ओढून ती धावते का ते बघताना पाहत, तसं.

कुणी बोललं नाही. ते बाहेर गेले आणि शेजारच्या खोलीत कपडे धुण्याच्या यंत्रापाशी उभे राहिले. दाराच्या फटीतून त्यांचे बूट दिसत होते.

“बाबा, मूठ करा त्यांच्याकडे,” निखिल मराठीत कुजबुजला. “संपवा हे. बिचारे.”

मुलगी घड्याळ बघत होती.

मी त्या सुरीकडे पाहत बसलो. टोक वळवलं तर मी केलेल्या गोष्टीसाठी मी त्यांना दोषी ठरवणार, आणि ते माझ्यानं होईना. मूठ वळवली तर ती अक्षरशः खरी होती, त्यांनी काहीच केलेलं नव्हतं. पण त्या खोलीत निर्दोष या शब्दाचा अर्थ डोकं फिरलेला असा होता, हे मला कळत होतं. त्यांनी ते माझ्या तोंडावर सांगितलं होतं. तिसरी गोष्ट म्हणजे उठून बोलणं. मी मूठ त्यांच्याकडे केली. खोटं बोलणं टाळलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

ते आत आले. सुरीकडे पाहिलं. मग म्हणाले, “गेनाऊ. अगदी बरोबर.” कोटाचं बटण सोडलं, बाकावर बसले, मुलीनं आणलेला पाव जवळ ओढला आणि त्याच सुरीनं आम्हा सगळ्यांना एकेक काप कापून दिला.

माझे नव्वद दिवस भरले आणि मी पुण्याला परतलो. वसंतात ते वृद्धाश्रमात गेले. घर विकलं गेलं, निखिलनं दुसरीकडे जागा घेतली. जहाजं एका शाळेनं नेली असं ऐकलं.

पुढच्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो. तिसऱ्या मजल्यावर खोली, खिडकीत बरोमीटर. हातानं काम करायला देत नसत, चाकू-कात्री मना होती. त्यांनी मला ओळखलं, निखिलची, सर्जनची, बाळाची चौकशी केली. मी नातवाचा फोटो दाखवला. मग मी ते सांगितलं. पाणी, बादली, सगळं. घोकून आलो होतो.

“हो, हो,” ते म्हणाले. “पण हे मला कशाला? माझा खटला झाला. तुमचा राहिलाय.”

“कुणापुढे?”

“ज्यांना खोटं सांगितलं गेलं त्यांच्यापुढे. मला तर ते पहिल्यापासून माहीत आहे.” मग त्यांनी घंटी वाजवून माझ्यासाठी कॉफी मागवली.

मी त्यांच्या मुलीला फोन करायचं ठरवलं आणि केला नाही. विमान, नातू, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, अशी कारणं होती. पुढच्या हिवाळ्यात ते गेल्याचं निखिलनं कळवलं. मग तर कारणांची गरजच उरली नाही, अशी बरीच वर्षं गेली.

या वर्षी मी निखिलकडे तिचा नंबर मागितला. तो म्हणाला, “बाबा, आता तिला सांगून काय मिळणार? तिला त्रास होईल फक्त.” ते बरोबरच होतं. वडिलांना आपण विनाकारण तिथे ठेवलं, हे कुणाला कशाला ऐकायचं असेल? मी दोन दिवस विचार केला आणि पुन्हा नंबर मागितला. त्यानं तो पाठवला.

तिनं मला आवाजावरून ओळखलं नाही. वरच्या मजल्यावरचे, मुंबईच्या गोदीतले, म्हटल्यावर ओळखलं. मी सांगून टाकलं. फार लांबलं नाही. इतकी वर्षं धरून ठेवलेली गोष्ट बोलायला एवढीशीच होती. मग ती म्हणाली, “म्हणजे पापा बरे होते.”

“हो.”

“त्यांनी मला का नाही सांगितलं?”

“त्यांनी कोर्ट भरवलं होतं.”

“मी होते तिथे,” ती म्हणाली. “तुम्ही सुरीची मूठ त्यांच्याकडे केलीत. मला वाटलं, तुम्ही त्यांना पाव कापायला सांगताय.”

तिनं फोन ठेवला असता तरी चाललं असतं, खरं म्हणजे मला तेच हवं होतं. तिनं ठेवला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“थांबा,” ती म्हणाली, “मी बसते. आता पहिल्यापासून सांगा. सावकाश. तुम्ही पाणी भरायला वर गेलात तिथपासून, आणि माझे वडील काय काय म्हणाले ते सगळं.”

मीही बसलेलो होतो. उठून उभा राहिलो आणि सांगायला लागलो.